चिठ्ठी, गोळी आणि सोबत
(मनाचा आजार आणि सरकारी दवाखाना: एक अभ्यासपाठ)



गेल्या अंकातील पाठात आपण सिकलसेलची तपासणी कुठे व कशी होते ते पाहिले. या वेळी मनाच्या आजाराचा विषय घेतला आहे. आजारी माणसाला सरकारी व्यवस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत कसे न्यायचे, आणि एकदा तिथे पोहोचल्यावर तो मधेच गळून जाऊ नये म्हणून काय करायचे, एवढेच आज शिकायचे आहे.

मागच्या पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावरून एक भाऊ आमच्या केंद्रावर आला. धाकटा भाऊ वीस-बावीस वर्षांचा. चार महिने नीट झोपला नव्हता. एकटाच बोलायचा, रात्री उठून जंगलात निघून जायचा, घरच्या जेवणात कोणी काही घातले आहे म्हणून उपाशी राहायचा. घरच्यांनी दोन भगत केले. एक बोकड गेला, कोंबड्या किती गेल्या त्याचा हिशेब नाही. मग एका खासगी दवाखान्यात सलाइन लावून आणले. ऊसतोडीची उचल त्यातच संपली. शेवटी मुलाचा पाय खाटेला दोरीने बांधला. हे सगळे सांगून झाल्यावर त्या भावाने विचारले, “सरकारी दवाखान्यात वेड्याचा डॉक्टर असतो का?”

असतो. पण कुठे असतो हे पाड्यावर कोणी सांगितलेले नसते.

कोण कुठे भेटते

डोंगरी व आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० ला ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाचा एक दवाखाना, असा शासनाचा निकष आहे. मानसोपचारतज्ज्ञ मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. केंद्र सरकारने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगावर बेतलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून त्याला जोडला गेला. या कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असतात. जिल्हा रुग्णालयात त्यांची ओपीडी असते आणि ठरलेल्या दिवशी हेच पथक तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयात येते. तो वार जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा असतो आणि बदलतोही. म्हणून जीपचे भाडे खर्च करण्याआधी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात फोन करून वार पक्का करून घ्यावा. ही साधी गोष्ट आम्ही दोन फेऱ्या फुकट गेल्यावर शिकलो.

आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची संदर्भ चिठ्ठी असली तर काम सोपे होते, पण चिठ्ठी नाही म्हणून घरी बसू नये. जिल्हा रुग्णालयात थेट जाऊन मानसोपचार विभागाचा केसपेपर काढता येतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे थोडे शुल्क लागू शकते. रोजंदारीवरच्या माणसाला खरा खर्च बसतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा. सोबत बाई असेल तर एसटीत तिला अर्धेच तिकीट, हे लक्षात असू द्या.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पाड्यावर मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की लोकांना ठाणे किंवा येरवडाच आठवते आणि ते घाबरतात. बहुतेक रुग्णांना तिथे जावे लागत नाही. ते घरी राहून, गोळ्या घेऊन बरे चालतात.

रात्री-अपरात्री विचारायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. डोंगरात रेंज मिळेल त्या टेकडीवर जाऊन फोन करावा लागतो, हे आम्हाला माहीत आहे. तरी क्रमांक घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवावा.

मागणे नव्हे, हक्क

आपले सेवक रुग्णाला घेऊन जातात तेव्हा पुष्कळदा हात जोडून उभे राहतात. नम्रता चांगली, पण कायदा काय म्हणतो हेही ठाऊक असावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८व्या कलमानुसार सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, उपचार मोफत आहेत. निराधार व बेघर माणसालाही तसेच. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत कायम आणि विनामूल्य असली पाहिजेत, असेही तेच कलम सांगते.

२१व्या कलमात एक वाक्य आयांसाठी आहे. उपचार घेत असलेल्या बाईचे तीन वर्षांखालचे मूल साधारणपणे तिच्यापासून वेगळे करायचे नाही. बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या बाईला घरचे दवाखान्यात पाठवत नाहीत, त्याचे पहिले कारण तान्हे बाळ हेच असते. त्यांना हे सांगा.

आणि साखळी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रमाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळीने बांधलेले होते, पळता आले नाही. अठ्ठावीस जण गेले. आजच्या कायद्याच्या ९५व्या कलमाने रुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे. खाटेला बांधलेला मुलगा दिसला तर घरच्यांवर ओरडू नका. त्यांना झोप नाही, अंगात बळ नाही, आणि मूल दरीत पडेल ही भीती खरी आहे. आम्ही त्या भावाला एवढेच म्हटले, “उद्याची जीप आम्ही बघतो. दोर सोडा आणि आजची रात्र आपण पाळीपाळीने जागू.”

ओपीडीत काय सांगायचे

डॉक्टरांकडे एका रुग्णाला मिळतात थोडीच मिनिटे. म्हणून वहीत आधी लिहून न्यावे: केव्हापासून, झोप किती, जेवण किती, काय बोलतो, कोणाला मारले का, स्वतःला इजा केली का, दारू किती, फिट येते का, घरात आधी कोणाला असे झाले होते का. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकू नयेत, सोबत न्यावीत. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर पहिल्या वाक्यात सांगावे. काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात.

एक इशारा. बडबड, भ्रम, ओळख न पटणे हे एक-दोन दिवसांतच सुरू झाले असेल आणि अंगात ताप असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा फिट येऊन गेली असेल, तर मानसोपचाराच्या वाराची वाट पाहायची नाही. मेंदूत चढलेला मलेरियाही असाच दिसतो. १०८ ला फोन करून तडक दवाखान्यात जायचे. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाचेही तसेच. आणि ज्याच्या तोंडी मरणाची भाषा आहे त्याच्या घरातली फवारणीची बाटली त्याच दिवशी शेजाऱ्याकडे ठेवायची.

भाषेचा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो. डॉक्टर मराठीत विचारतात, मुलगा पावरी बोलतो. “तुला आवाज ऐकू येतात का?” या प्रश्नाला आमच्या तरुणाने लगेच मान डोलावली. त्याला वाटले, कान ठीक आहेत का असे विचारताहेत. थोरल्या भावाने त्याच्या भाषेत फोड करून विचारले, “कोणी जवळ नसताना बोललेले ऐकू येते का?” तेव्हा तो गप्प झाला, मग हळूच बोलू लागला. सोबत जाणाऱ्याने दुभाष्याचे काम करताना आपले मत मिसळू नये. रुग्ण जे म्हणतो तेच, वेडेवाकडे असले तरी तसेच सांगावे. आणि पूर्वज स्वप्नात येतात असे कोणी म्हणाले, तर आपल्या समाजात ते सगळेच म्हणतात, हेही डॉक्टरांना सांगावे. नाहीतर नसलेला आजार लिहिला जायचा.

गोळी सुरू झाल्यावर

पहिल्या भेटीने सगळे जिंकल्यासारखे वाटते. खरी कसोटी दुसऱ्या महिन्यानंतर. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यापासून जाणवू शकतो. भास-संशयाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी मान आखडते, हात थरथरतात, लाळ गळते, सुस्ती येते. घरचे म्हणतात, डॉक्टरने अजून बिघडवला, आणि गोळ्या चुलीत जातात. या त्रासावर वेगळी गोळी असते किंवा मात्रा कमी करता येते. त्यासाठी परत जावे लागते, एवढेच. ज्याला रोज गोळी घेणे जमत नाही त्याच्यासाठी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शनही असते. ते चालेल का, हे आपण होऊन विचारावे.

आमच्या तरुणाची गाडी तिसऱ्या महिन्यात अडली. गोळी आली नाही, पुढच्या आठवड्यात या, असे औषधाच्या खिडकीवर सांगितले. भाऊ पुढच्या आठवड्यात गेला, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही आणि आम्हालाही कळवले नाही. तीन आठवड्यांत मुलगा पुन्हा रात्री उठून चालू लागला. चूक आमचीही होती. पहिल्या दोन खेपांना आम्ही सोबत होतो, मग आता यांना जमेल म्हणून सोडून दिले. आता आम्ही खिडकीवरून परत फिरत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून औषधाची मागणी नोंदवायला सांगतो, वहीत तारीख लिहून घेतो, आणि तोवर जनऔषधी दुकानातून त्याच औषधाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या आणतो. आपण पाठवलेल्या देणगीतला काही भाग अशा गोळ्यांवर आणि जीपच्या भाड्यावर खर्च होतो.

एक गोष्ट आपल्या घरातली म्हणून बोलतो. प्रार्थनासभेनंतर बरे वाटू लागलेल्या एका बहिणीला कोणीतरी सांगितले की, विश्वास असेल तर आता गोळ्या टाकून दे. तिने टाकल्या. दीड महिन्याने तिला दवाखान्यात ठेवावे लागले. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन सोड असे मंडळीत कोणी म्हणत नाही. प्रार्थना करा, जरूर करा, आणि तिने रात्रीची गोळी घेतली का तेही विचारा. तसेच, विचित्र वागणाऱ्या बाईला गावाने डाकीण ठरवायला सुरुवात केली असेल तर ते कानाआड करू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि पोलीस पाटलाला वेळेवर सांगितल्याने पुढचे टळते.

दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने भरती होऊ शकतो. त्याला स्वतः निर्णय घेता येण्यासारखी स्थिती नसेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात, आणि पहिली मुदत तीस दिवसांपर्यंतची असते. आजार दीर्घकाळचा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचाही विचार व्हावा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे. ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो.

आमच्या भागात दिवाळीनंतर अर्धी गावे रिकामी होतात. टोळ्या दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात, आणि तिथेच बहुतेकांचे उपचार तुटतात. म्हणून ऑक्टोबरातच डॉक्टरांना सांगावे की रुग्ण बाहेर जाणार आहे, शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि औषधांची नावे स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावीत. कायदा देशभर एकच आहे, तो कागद गुजरातच्या सरकारी दवाखान्यातही दाखवता येतो.

आमचा तरुण या वर्षी भावाच्या कोयत्याबरोबर गेला. कागद आणि दोन महिन्यांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वहिनीकडे. थोरला दर रविवारी फोन करतो. मागच्या रविवारी धाकट्यानेच फोन घेतला. म्हणाला, गोळी झोपताना घेतली की पहाटे तोडीला उठवत नाही आणि मुकादम ओरडतो, संध्याकाळी लवकर घेतली तर चालेल का? डॉक्टरांना विचारून सांगतो म्हटले आहे. त्यांची ओपीडी गुरुवारी आहे.