फुलांच्या अर्काचे थेंब आणि मनाचे दुखणे



अर्क म्हटला की आपल्याला निंबोळी अर्क किंवा दशपर्णी अर्क आठवतो. परंतु मन शांत व्हावे, भीती व निराशा जावी म्हणून माणसाने घ्यावयाचे फुलांचे अर्कही छोट्या बाटल्यांतून विकले जातात. मागील वर्षी फूलशेतीच्या प्रशिक्षणात एका वयस्क डाळिंब उत्पादकाने अशीच एक बाटली माझ्यापुढे ठेवली. तेल्या रोगामुळे बाग काढावी लागली, तेव्हापासून त्यांची झोप गेली होती व अन्नावरची वासना उडाली होती. "सर, हे फुलांचंच आहे ना? मग तुमच्याच विषयातलं. गुण येईल का?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना घाईत काहीतरी उत्तर दिले. ते नीट द्यावे म्हणून हा लेख.

या पद्धतीचे जनक एडवर्ड बाख (१८८६-१९३६) हे इंग्लंडमधील डॉक्टर होते. माणसाचा आत्मा एकीकडे आणि मन दुसरीकडे ओढू लागले की रोग होतो, मनातील भीती, अधीरपणा, निराशा दूर झाली की माणूस स्वतःला ओळखतो व बरा होतो, असे त्यांचे मत होते. १९२८ पासून त्यांनी एकूण ३८ अर्क ठरविले. त्यांपैकी ३७ वनस्पतींचे असून एक नुसते झऱ्याचे पाणी आहे.

पहिल्या तीन अर्कांमध्ये आपल्या तेरड्याच्या प्रजातीतील एक वनस्पती आहे. ती मूळची हिमालयातील. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडला नेली गेली व तेथे नदीकाठचे तण होऊन बसली. हिची पक्व बोंडे हात लागताच फुटतात, आणि हा अर्क अधीर माणसासाठी सांगितला आहे. आपण मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आणि न टिकणाऱ्या गोष्टीची आठवण काढतो. फुलाकडे पाहून माणसाला काय सुचते ते गावागणिक बदलते. फुलातील द्रव्य त्याप्रमाणे बदलत नाही.

अर्क कसा तयार करतात?

काचेच्या भांड्यात झऱ्याचे पाणी घेऊन त्यावर फुले सुमारे तीन तास भर उन्हात तरंगत ठेवतात. काही वनस्पतींच्या बाबतीत फुलोऱ्यासह डहाळ्या अर्धा तास उकळतात. नंतर फुले काढून पाण्यात तेवढीच ब्रँडी मिसळतात. या मिश्रणाचे २ थेंब ३० मि.लि. ब्रँडीत आणि त्यातील २ थेंब पुन्हा ३० मि.लि. पाण्यात टाकतात. यातून ४ थेंब दिवसातून ४ वेळा घ्यावयाचे असतात.

आता हिशेब करू. १ मि.लि. म्हणजे साधारण २० थेंब, म्हणून ३० मि.लि. म्हणजे ६०० थेंब. प्रत्येक वेळी अर्क ३०० पट पातळ होतो. दोन वेळचे ९० हजार पट, त्यात अर्धी ब्रँडी धरली तर १ लाख ८० हजार पट. म्हणजे फुले ठेवलेले १ मि.लि. पाणी १५ लिटरच्या १२ पंपांत! हे प्रमाण मी फवारणीसाठी सांगितले तर तुम्ही मला बांधावर उभे करणार नाही. येथे एक लक्षात घ्यावे की हा अर्क म्हणजे अत्तर किंवा सुगंधी तेल नव्हे.

तरीही, बरे वाटते असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. आपण नवीन खताची परीक्षा कशी घेतो? शेजारी खत न दिलेला वाफा ठेवतो. कारण पाऊस चांगला झाला तर दोन्ही वाफे हिरवे होतात. या थेंबांचीही अशी परीक्षा झाली आहे. काहींना अर्काचे व काहींना तसेच दिसणारे साधे थेंब दिले गेले. अशा प्रयोगांचा २०१० मध्ये आढावा प्रसिद्ध झाला. साध्या थेंबांशी तुलना केलेल्या एकाही प्रयोगात अर्क सरस ठरला नाही.

मग गुण कशाचा? त्या काकांच्या घरी मी नंतर फोन केला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थेंब द्यायच्या निमित्तानं दिवसातून चार वेळा त्यांच्याजवळ बसणं होतं. एरवी ते खोलीबाहेर येत नाहीत." मला वाटते, यातच बरेच काही आले. जवळ बसण्यासाठी बाटलीची गरज नाही. मात्र खोलीबाहेर न येणे हे थेंबांवर सोडून देण्यासारखे लक्षण नव्हे.

असे अर्क घरी करून पाहण्याचा मोह टाळावा. कण्हेर, धोत्रा, कळलावी ही झाडे विषारी आहेत. विक्रीसाठी लावलेल्या गुलाब, शेवंतीवर आपण जी औषधे फवारतो, ती फुले खाण्या-पिण्यासाठी आहेत असे समजून फवारलेली नसतात. तयार अर्कात ब्रँडी असल्यामुळे दारू सोडलेल्या माणसाला तो देऊ नये.

झोप न येणे, कशातच रस न वाटणे, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे असे दोन आठवडे चालले तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. मरणाची भाषा असेल तर एक दिवसही थांबू नये व त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. पहिल्या भेटीस घरातील एकाने सोबत जावे. चालू असलेली औषधे थेंबांच्या भरवशावर बंद करू नयेत, आणि बाटली घेत असाल तर ती डॉक्टरांपासून न लपविता बरोबर न्यावी.