परिमिती शिकविताना : मिठागराच्या बांधावरून
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ-टिपण)

परिमितीचे उदाहरण दिले असता पुष्कळ मुले लांबी व रुंदी यांचा गुणाकार करून मोकळी होतात. सूत्र त्यांना पाठ असते. परंतु माप कशाचे काढावयाचे, हे मनात उभे राहिलेले नसते. हा दोष मुलांचा नव्हे, आपल्या शिकविण्याच्या क्रमाचा आहे. म्हणून सूत्र शेवटी द्यावे. आरंभ परिचित वस्तूने करावा.

गोडदेव हे भाईंदरचे जुने गाव आता मीरा-भाईंदर शहरात सामावले आहे. मिठागरे ही या भागाची जुनी ओळख. बांधांनी वेगळ्या केलेल्या वाफ्यांत भरतीचे पाणी घ्यावयाचे, ते उन्हाने आटले म्हणजे मीठ धरते. पाणी आटते ते वाफ्याच्या सबंध पृष्ठावरून. म्हणून मीठ किती, हे क्षेत्रफळावर अवलंबून. बांधाला माती व मजुरी किती, हे मात्र कडेच्या लांबीवर अवलंबून. ही दोन मापे एक मानणाऱ्याचा हिशेब चुकलाच म्हणून समजावे. मिठागर नसलेल्या गावी भाताचे खाचर घ्यावे.

पाठाची मांडणी

साहित्य : सुतळी, मीटरपट्टी, चुनखडी, खडूची पेटी.

१. अंगणात ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद वाफा आखावा. एका मुलाने कडेने चालत निघाल्या जागी परत यावे. कडेने सुतळी लावून मोजावी : ६ + ४ + ६ + ४ = २० मीटर. ‘बंद आकृतीच्या कडेची एकूण लांबी म्हणजे परिमिती’ हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्यावे. त्रिकोण व वेडावाकडा चौकोनही असाच मोजवावा. म्हणजे परिमितीसाठी बाजूंची बेरीज करावयाची, हे ठसेल.

२. आता ८ × ३ व १२ × २ मीटरचे वाफे आखावेत. तिन्हींचे क्षेत्रफळ २४ चौरस मीटरच. परिमिती मात्र अनुक्रमे २०, २२ व २८ मीटर. मीठ तेवढेच, पण बांध वाढला! या क्षणी वर्गाला विचार करण्यास अवकाश द्यावा.

३. पहिल्यासारखेच दोन वाफे लांब बाजूने जोडावेत. किती बांध लागेल? मुले ४० म्हणतील. मधला ६ मीटरचा बांध दोघांचा सामाईक असल्याने बांध ३४ मीटर पुरतो. जोडून होणाऱ्या ८ × ६ मीटरच्या आकृतीची परिमिती मात्र २८ मीटर. कारण मधला बांध कडेवर नाही.

४. वर्तुळासाठी ७ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याभोवती सुतळी गुंडाळावी. ती सुमारे २२ सेंटिमीटर भरेल. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) व्यवहारासाठी २२/७ व सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० हे गुणोत्तर दिले आहे, हे मुलांस अवश्य सांगावे.

घनाकृतींविषयी सावधगिरी

‘पेटीची परिमिती काढा’ असा प्रश्न घालू नये. घनाकृतीस अनेक पृष्ठे असतात. कोणत्या पृष्ठाची परिमिती, हे सांगितलेच पाहिजे. १५ सेंटिमीटर लांब, १० रुंद व ८ उंच अशा पेटीच्या तळाची परिमिती ५० सेंटिमीटर. चारी उभ्या बाजूंना कागद लावावयाचा तर तो ५० सेंटिमीटर लांब व ८ रुंद लागेल. तीच पेटी काड्यांची करावयाची तर १२ कडा लागतील; त्यांची एकूण लांबी ४ × (१५ + १० + ८) = १३२ सेंटिमीटर. ही सर्व कडांची बेरीज होय. तिला परिमिती म्हणू नये.

घरचा अभ्यास

घरचा उंबरठा, ओटा, शेत यांपैकी एकाची कड मोजून आणण्यास सांगावे. उत्तराबरोबर एकक लिहिले आहे की नाही, हे पाहावे : परिमिती मीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये.

पुढे कोणतेही उदाहरण आले तरी प्रथम एवढेच विचारावे, “येथे बांध मोजावयाचा आहे की वाफा?” याचे उत्तर ज्याला देता आले, त्याला सूत्र विसरले तरी अडणार नाही.