इंजेक्टर बदलण्याआधी कपलर उघडून बघा

गेल्या पावसाळ्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून परत येताना आमची डिझेल गाडी मिसिंग मारायला लागली. सकाळी थंड इंजिनावर ती व्यवस्थित चालायची. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन तापलं की चेक लाइट पेटायचा, ओढ जायची आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चढ चढायची. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी ०२०३. "तिसरा इंजेक्टर गेलाय दादा. एकच बदलून उपयोग नाही, चारही टाकू." खर्च सांगितला ७२ हजार रुपये.

टोमॅटोच्या दोन तोड्यांचे पैसे त्यात गेले असते. म्हणून गाडी ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी तिसऱ्या इंजेक्टरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग काढला, आत टॉर्च मारली आणि त्याच मापाची एक सुटी पिन घेतली. कपलरच्या एका टर्मिनलमध्ये ती घट्ट बसली. दुसऱ्यात नुसती ठेवली तरी घसरून बाहेर आली. त्या टर्मिनलचं तोंड फाकलं होतं. इंजिन तापलं, हादरे वाढले की तिथला संपर्क सुटायचा. नवा कपलर, दोन टर्मिनल आणि मजुरी मिळून बिल झालं ११०० रुपये. इंजेक्टर तेच आहेत आणि गाडी आजही रोज माल वाहते.

कोड सर्किटचा असतो

कॉमन रेल डिझेल इंजिनात इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरीचे १२ व्होल्ट इंजेक्टरला पुरत नाहीत. ईसीयू ते व्होल्टेज साधारण ५० ते ८० व्होल्टपर्यंत वाढवतो आणि क्षणभर वीसेक अँपिअरचा झटका कॉईलला देतो. त्या झटक्याने आतली झडप उचलली जाते आणि डिझेल फवारलं जातं. या विजेचा रस्ता असा: ईसीयू, वायर, कपलर, कॉईल आणि परत ईसीयू.

पी ०२०१ ते पी ०२०४ या कोडचा अर्थ एवढाच, की पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा हा रस्ता कुठेतरी बिघडलाय. पी ०२६१ आणि पी ०२६२ हे पहिल्या सिलिंडरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी किंवा जास्त असल्याचं सांगतात. बिघाड वायरीत आहे की कपलरमध्ये, कॉईलमध्ये की ईसीयूत, हे यातला एकही कोड सांगत नाही. ते मोजूनच कळतं. पी ०३०१ ते पी ०३०४ हे फक्त मिसफायरचे कोड आहेत, तर पी ००८७ म्हणजे रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीतला दाब कमी. नुसते हे आले तर फिल्टर, पंप, नोझल हेही तपासावं लागतं.

आधी जिवाची काळजी

जुन्या डिझेल गाडीत चालू इंजिनावर एकेक पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते बघायचे. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. रेलमध्ये १६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. तेवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक रुग्णालय गाठायचं. इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कपलर काढू नका, उघड्या पिनांना हात लावू नका. दोन इंजेक्टरांचे कपलर अदलाबदल करून गाडी चालू करणं तर पूर्ण चूक, कारण डिझेल भलत्याच वेळी सिलिंडरमध्ये पडतं.

तपासणी या क्रमाने करून घ्या

पहिली बॅटरी आणि अर्थिंग. स्टार्टर मारताना व्होल्टेज दहाच्या खाली घसरत असेल तर ईसीयू गोंधळतो आणि खोटे कोड येऊ शकतात. टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करून घ्या. याला फारसा खर्च नाही.

दुसरं स्कॅनिंग. कोड लिहून किंवा फोटो काढून ठेवा, मग ते पुसायला सांगा, गाडी फिरवा आणि पुन्हा वाचा. तोच कोड परत आला तर पुढे जा. पहिला आणि चौथा, किंवा दुसरा आणि तिसरा असे दोन सिलिंडर एकदम गेले, तर दोन्ही इंजेक्टर एकाच दिवशी मेले असं लगेच मानू नका. बऱ्याच गाड्यांत ईसीयूमधला एकच भाग दोन इंजेक्टर चालवतो, त्यामुळे संशय आधी त्या दोघांच्या सामाईक वायरिंगवर आणि मग ईसीयूच्या त्या भागावर घ्या.

तिसरी नजर आणि हात. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायर कुरतडतात. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं की कपलरमध्ये पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. वायर जिथे क्लिपखाली घासते किंवा गरम भागाला टेकते, तिथे टॉर्च मारा. मग इंजिन आयडलवर ठेवून, फिरणाऱ्या भागांपासून लांब, वायरिंगची जुडी मेकॅनिकला हळूच हलवायला सांगा. त्या क्षणी आवाज बदलला तर बिघाड तिथेच सापडला.

चौथा मल्टिमीटर. इंजिन बंद, चावी काढलेली आणि कपलर उघडा. नेहमीच्या सोलेनॉइड इंजेक्टरच्या कॉईलचा रोध जेमतेम अर्धा ओहम किंवा त्याहून कमी असतो. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ ओहम दिसतात, म्हणून तो आकडा वजा करायचा. नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका, चारही इंजेक्टर मोजा आणि ताडून बघा. तीन सारखे आणि एक 'ओपन' दाखवत असेल तर त्याची कॉईल तुटलीय. नंतर एक तार पिनेला आणि दुसरी इंजेक्टरच्या धातूला लावा. इथे मीटरने काहीच दाखवायला नको. आकडा आला तर कॉईल बॉडीला शॉर्ट आहे. असा एक इंजेक्टर अख्खं इंजिन बंद पाडू शकतो. कॉईल गरम झाल्यावरच तुटत असेल, तर हीच मापं इंजिन तापलेलं असताना पुन्हा घ्यावी लागतात.

काही महागड्या गाड्यांत पिएझो इंजेक्टर असतात. त्यांचा रोध दीडशे-दोनशे किलोओहमच्या घरात असतो आणि व्होल्टेज शंभराच्या वर. ते काम त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

पाचवी ईसीयूपासून कपलरपर्यंतची वायर. दोन्ही टोकं उघडून कंटिन्युटी बघायची. हे सगळं नीट निघालं तरच इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर पाठवा. ईसीयूवर बोट अगदी शेवटी ठेवायचं.

खर्च किती येतो

हे चार सिलिंडरच्या नेहमीच्या गाड्यांचे, बाहेरच्या गॅरेजमधले ढोबळ दर आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये यापेक्षा जास्त धरा.

- स्कॅनिंग: ५०० ते १,००० रुपये
- कपलर, टर्मिनल किंवा वायरीची दुरुस्ती: ५०० ते २,०००
- इंजेक्टरची पूर्ण वायरिंग नवी: ३,००० ते ८,०००
- इंजेक्टर काढणं-बसवणं: प्रत्येकी ५०० ते १,०००
- टेस्ट बेंच: प्रत्येकी ३०० ते ८००
- रिकंडिशन इंजेक्टर: प्रत्येकी ५,००० ते ९,०००
- नवा इंजेक्टर: प्रत्येकी १२,००० ते २५,०००
- नव्या इंजेक्टरचं कोडिंग: ५०० ते १,०००
- ईसीयू दुरुस्ती: ५,००० ते १५,०००

म्हणजे स्कॅनिंग, मल्टिमीटर आणि कपलरची तपासणी मिळून दीड-दोन हजारांत होते. एका नव्या इंजेक्टरच्या किमतीपुढे ही रक्कम फार लहान आहे. वायर जोडायची तर त्याच जाडीची वापरा, सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

खरंच इंजेक्टर गेला असेल तर

कॉईल एकाची गेली म्हणून चारही बदलायची गरज नाही. खराब डिझेलने नोझल झिजतात, तेव्हा चौघांची झीज बरोबरीने होऊ शकते, कारण डिझेल चौघांना एकच मिळतं. विजेचा बिघाड मात्र ज्याचा त्याचा असतो. काही इंजेक्टरांची नुसती कॉईल बदलून मिळते, म्हणून डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याला तेही विचारा. चारही बदलायला सांगत असतील तर चौघांचे टेस्ट बेंचचे रिपोर्ट मागा.

बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. इंजेक्टरवर छापलेला कोड बऱ्याच गाड्यांत ईसीयूला द्यावा लागतो. तो दिला नाही तर नवा माल टाकूनही इंजिन खडखडतं आणि धूर देतं. नाशिकच्या सातपूरमध्ये बॉशचा कारखाना इंजेक्टर आणि नोझल बनवतो, तरी त्याच नावाचा नकली माल बाजारात मिळतो. सीलबंद खोका आणि पक्कं बिल असल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅरेजमध्ये काय मागायचं

कामाआधी लेखी अंदाजपत्रक, कोडचा फोटो, मोजलेले आकडे, बदललेला जुना भाग परत आणि दुरुस्तीची हमी बिलावर लिहून. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. त्या वेळी पक्कं बिलच उपयोगी पडतं.

काकांनी त्या दिवशी बिलाच्या मागे चारही इंजेक्टरांचे आकडे पेनाने लिहून दिले: ०.४, ०.४, ०.४, ०.४. तो कागद आम्ही आरसी बुकाच्या कव्हरमध्येच ठेवलाय. पुन्हा चेक लाइट पेटला, तर गाडी कुठल्याही गावात असो, मेकॅनिकच्या हातात आधी तो कागद द्यायचा आणि पुढची मापं त्याच्याशीच ताडायला सांगायची.