हिरव्या पाइपाचं पाणी

मनू, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "पोरं दिवसभर अंगणात असतात, तहान लागली की झाडांच्या पाइपालाच तोंड लावतात." घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा गप्प राहिले, पण ते वाक्य मनातून जाईना.

आपणही आजोळी असंच प्यायलो, म्हणशील. प्यायलो गं, पण ते विहिरीवरच्या पंपाचं, लोखंडी पाइपातून धो-धो पडणारं पाणी. तुझा हिरवा पाइप पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याचं वेटोळं घालता यावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं मिसळतात, आणि उष्णतेनं ते बिघडू नये म्हणून कित्येकदा शिशाची संयुगं. टोकाच्या पितळी तोटीतही शिसं असू शकतं. नळ बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणी नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर तापत पडतं, आणि हे सगळं हळूहळू त्यात उतरतं. पोरं नळ सोडून पहिला घोट घेतात तो नेमका याच पाण्याचा.

२०१२ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या इकॉलॉजी सेंटर या संस्थेनं बागेचे ९० पाइप तपासले. उन्हात राहिलेल्या एका पाइपातल्या पाण्यात शिसं निघालं, तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या १८ पट. आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि मुलांचं अंग मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, त्याचा घाव मेंदूवर बसतो. उकळून घेईन म्हणशील, तर उकळल्यानं शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्याकडे पाइपाचं टोक कपड्यांच्या बादलीत बुडालेलं होतं आणि मधेच नळ गेला. बघता बघता साबणाचं फेसाळ पाणी पाइपात वर चढायला लागलं! नळ जाताना लाइनीत ओढ तयार होते, ती टोकाशी असेल ते आत खेचते. तुझ्याकडे तर तोच पाइप गुलाबांवर औषध फवारायच्या बादलीत पडलेला असतो, आणि सकाळी त्यानंच तू पिण्याचं पिंप भरतेस. मनू, हे आजपासून बंद कर. पिंपासाठी फूड ग्रेडचा वेगळा पाइप घे, वापर झाला की पाणी झटकून खुंटीला टांगून ठेव. ओल राहिली की आत बुळबुळीत थर धरतो, त्यात जंतू वाढतात.

पोरांचं पाण्यात खेळणं मात्र मोडू नकोस. आधीचं गरम पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ दे, गार आलं की भिजू देत, फक्त तोंडात घ्यायचं नाही. आजवर प्यायले म्हणून रात्र रात्र जागत बसू नकोस. फारच खात असेल मनाला, तर डॉक्टरांना विचार, रक्तातलं शिसं तपासता येतं.

रविवारी येते आहे मी. माठ आणते, तिवईसकट. तू ओसरीत सावलीची जागा करून ठेव, धाकट्याचा हात पोचेल अशी.