आकड्याशेजारचं अधिक-उणे

डिंगोरे, ता. जुन्नर

चि. सायली,

दिवाळीत आपण विहिरीजवळचा तुकडा मोजला. लांबी 66 फूट, रुंदी 33. गुंठा म्हणजे 33 गुणिले 33, अर्थात 1,089 चौरस फूट. तेव्हा तुकडा दोन गुंठ्यांचा, 2,178 चौरस फूट. तू वहीत लिहिलंस, 202.3428 चौरस मीटर. गुणाकार बिनचूक, पण उत्तर मला मान्य नाही.

आठव, टेप मधे झोळ खात होता आणि बांधाची कड नेमकी कुठली, यावर आपलंच एकमत होईना. प्रत्येक मापात अर्धा फूट इकडे-तिकडे धर. 65.5 गुणिले 32.5 केलंस तर सुमारे 2,129 येतात, 66.5 गुणिले 33.5 केलंस तर 2,228. म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ 50 चौरस फूट. चौरस मीटरमध्ये 202, अधिक-उणे 5. तुझे दशांशापुढचे चार आकडे कॅल्क्युलेटरचे आहेत, टेपचे नाहीत.

गुणाकारात चुकीचे टक्के मिळवायचे: लांबीत पाऊण, रुंदीत दीड, मिळून सव्वादोन टक्के. बेरीज-वजाबाकीत मात्र चूकच मिळवायची, आणि वजाबाकीत फार जपायचं. कांद्याची पिकअप काट्यावर चढते. काट्याचा आकडा दहा-दहा किलोंनी बदलत असेल, तर प्रत्येक वजनात पाच किलोंची शंका. भरलेली 2,960, रिकामी 1,740. माल 1,220, अधिक-उणे 10. चालेल. पण एकच गोणी अशी तोललीस, तर 1,790 वजा 1,740 म्हणजे 50, आणि शंका तीच 10 किलोंची. पाचातला एक हिस्सा गेला! गोणी वेगळ्या लहान काट्यावरच तोलावी.

आपल्या तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथले शास्त्रज्ञसुद्धा मोजलेल्या आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहितात. तो कमीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे.

हातभर बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत. दोघांच्याही मापात तेवढी चूक असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तू शिकते आहेस, तू सांग. आणि जर्नलमध्ये अधिक-उणे लिहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढू नकोस.

तुझे आजोबा