यंत्रालाही कान असतात

कर्वे रस्त्यावरच्या एका दवाखान्यात मी जुना ईपीएबीएक्स काढून 'ॲस्टरिस्क' या सॉफ्टवेअरवर चालणारं नवं यंत्र बसवलं. दोन लॅण्डलाईन, आठ एक्स्टेन्शन, स्वागताला मराठी आवाज. तिसऱ्याच दिवशी रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. "दादा, पाचला दवाखाना उघडते तर दोन्ही लाईनी अडकलेल्या. पेशंट ओरडतात, तुमचा फोन सारखा एंगेज!"

मी अर्थातच टेलिफोन कंपनीवर खापर फोडलं. लाईनमन आला, साधा फोन जोडून लाईन ठणठणीत असल्याचं दाखवून गेला. मग मी दुपारी रेकॉर्ड झालेले निरोप ऐकले. प्रत्येकाच्या शेवटी टूं… टूं… टूं. पेशंटने केव्हाच फोन ठेवला होता, एक्स्चेंज तेच सांगत होतं आणि माझं यंत्र ते निरोप समजून टिपून घेत होतं.

तांब्याच्या साध्या लाईनीवर समोरच्याने फोन ठेवल्याची खूण बऱ्याचदा हा टोनच असतो. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा: पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेतला ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद वाजून अर्धा सेकंद थांबणारा. मी सेटिंगची फाईल एका अमेरिकी नमुन्यावरून उचलली होती. आळस, दुसरं काय!

देश बदलून भारत केला. त्याचा एक फायदा लगेच झाला. स्वागताचा आवाज संपल्यावर पेशंटला ऐकू येणारी रिंग आमचं यंत्रच वाजवतं. आधी ती दोन सेकंद लांबलचक आणि मग चार सेकंद शांतता अशी होती. म्हातारी माणसं त्या शांततेतच फोन ठेवून द्यायची. आता ओळखीची ट्रिंग-ट्रिंग आली.

लाईनी मात्र अडकतच राहिल्या.

इथे माझे दोन दिवस गेले. माणसांना ऐकवायचे टोन एका फाईलमध्ये असतात आणि यंत्राने कोणता टोन ओळखायचा ते दुसऱ्याच फाईलमध्ये. मी पहिलीच बदलली होती. दुसरीत एंगेजचं माप ५००-५०० मिलिसेकंद तसंच पडून होतं. ते ७५०-७५० केलं तेव्हा लाईनी सुटू लागल्या. घाईत मी आणखी एक घोळ घातला: तीन टूं-टूं ऐकताच लाईन तोड, असं ठेवलं. मग चालू बोलणीच मध्ये तुटायला लागली, कारण माणसाचं बोलणंही कधी त्या तालात येतं. आकडा सहा केला. टूं आणि शांतता मिळून दीड सेकंद, म्हणजे साधारण नऊ सेकंदांत लाईन मोकळी. तेवढं चालतं.

मापं कुणाच्या नमुन्यावरून घेऊ नका. आयटीयूने देशोदेशीच्या टोनची यादी केलेली आहे, ती बघा; तरीही स्वतःच्या लाईनीचा टोन रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत उघडा आणि वाजण्याची-थांबण्याची लांबी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि टोन हौसेने गोड करू नका. डॉक्टरांच्या आग्रहावरून मी एंगेज आणि 'सर्व लाईनी व्यस्त' या दोन्हींसाठी एकच मंजुळ टोन ठेवला होता. दुसरा खरं तर पाव-पाव सेकंदाचा, घाईघाईचा असतो. फरक पुसल्यावर पेशंटचा नंबर एंगेज आहे की आपल्याच बाहेरच्या लाईनी भरल्यात, हे ताईंना कळेना. त्या पेशंटलाच पुन्हा पुन्हा फोन लावत बसल्या. मी मुकाट्याने जुने टोन परत आणले.

काम सोपवून निघण्याआधी स्वतःच्या मोबाईलवरून तिथे फोन लावा, यंत्राला उचलू द्या, दोन शब्द बोला आणि तुम्ही आधी ठेवा. लाईनीचा दिवा दहा-बारा सेकंदांत विझेपर्यंत पायात चपला घालू नका.