फाल्गुनात काठावर जाताना

बाबू, आपल्या धनजला समुद्र नाही. आपला किनारा म्हणजे तलावाचा काठ, नाहीतर कारंजाकडं अडाण धरणाचं पाणी. पण माघ सरून पळस फुलला की या काठावर जे दिसतं, ते वर्षभरात पुन्हा दिसत नाही. हिवाळ्याला आलेली बदकं परतीच्या तयारीत असतात आणि इथलीच टिटवी, चिखल्या अंड्यांसाठी जागा हेरत असतात. म्हणून पहिली गोष्ट कानात ठेव : तू आलास म्हणून एकही पाखरू उडता कामा नये.

उडालं तर काय बिघडलं, असं पोरं विचारतात. बिघडतं. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक या दिवसांत अंगावर चरबी चढवत असतात. विदर्भात येणारा पट्टकदंब तर हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडं जातो. 7,000 मीटरच्याही वर तो उडाल्याच्या नोंदी आहेत. त्या वाटेची शिदोरी तो इथल्याच गवतावर, वावरातल्या दाण्यावर बांधतो. सकाळभर त्याला चारदा उठवलंस, तर त्यातली थोडी तू सांडलीस.

पाळीच्या माथ्यावरून चालू नकोस, मागं आभाळ असल्यानं तू दुरून दिसतोस. बाहेरच्या उतारानं जा, बाभळीच्या आडोशाला बस आणि मग डोकं वर काढ. पांढरा सदरा घरी ठेव, कुत्रंही. सकाळी पूर्वेच्या काठावर बसावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पाण्यावरचे रंग खरे दिसतात. पाखराकडं नाकासमोर चालत जाऊ नये, तिरकं जावं. चरणाऱ्या माना एकदम ताठ झाल्या की समज, तू जास्त जवळ आलास. तिथंच खाली बस. माना पुन्हा वाकल्या तर ठीक, नाहीतर मागं सर.

शिवडीला, ठाण्याच्या खाडीवर लोक भरतीची वेळ बघून निघतात, कारण चढतं पाणी पाखरांना काठाशी आणतं. आपल्याकडं भरती नाही. आपलं पाणी आता पावसाळ्यापर्यंत ओसरतच जाणार, आणि ते मागं हटतं तिथला ओला चिखल हीच पाखरांची पंगत. तुतवार तिथं शेपूट सारखी वरखाली करत फिरतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर पोटऱ्याइतक्या पाण्यात उभा असतो. काळं अंग, पांढरं कपाळ आणि उडण्याआधी पाण्यावरून लांब धाव, म्हणजे वारकरी. बदक नव्हे.

पुस्तकातल्या चित्राशी मात्र लगेच भांडू नकोस. या महिन्यात धोब्याच्या गळ्यावर काळं चढू लागतं, पिवळा धोबी आणखी पिवळा होतो. अर्धे जुन्या पिसांत, अर्धे नव्या. आधी चोच, पाय आणि चाल बघ, रंग शेवटी. नावं अडली तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ उघड. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. मराठीत पाखरांची नावं इतक्या मायेनं कुणी गोळा केली नाहीत, असं माझं मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिटवी घरटं बांधत नाही. गोट्यांमध्ये थोडासा खळगा, त्यात बहुधा चार अंडी, टोकं आत वळलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढं पळू लागला, तर पुढं पाऊल टाकू नकोस. आलेल्या पावलांवरून परत फीर. खूण म्हणून काडीही रोवू नकोस, कावळा ती ओळखतो. फोटोसाठी थांबू नकोस. दुपारच्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तू तिला तासभर दूर ठेवलंस, तर अंडी आतल्या आत शिजतात. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरू बोलावणं तर आपल्या घरी चालणारच नाही.

आणि गावात गाळपेर करणाऱ्यांना माझा निरोप दे : टरबुजासाठी आळी करताना कुठं अशी अंडी दिसली, तर तेवढा चार हात तुकडा महिनाभर सोडून द्या. पिल्लं निघाली की ती एका दिवसात स्वतःच्या पायांनी तिथून निघून जातात.